नकाशात न काढलेली रेघ

कपाटाचं माप घ्यायला आईच्या खोलीत शिरलो, टेपचं एक टोक भिंतीला लावलं, ते सरकू नये म्हणून तळव्याने दाबून धरलं, आणि तळवा ओला झाला. झालं एवढंच. दुसऱ्या कुणी हात पँटला पुसला असता आणि प्लंबरला फोन केला असता. मी तसाच उभा राहिलो. टेप हातातून सुटून खटकन गुंडाळली गेली तरी हलावंसं वाटेना. तळव्याला गिलाव्याची पांढरी भुकटी चिकटली होती, ती मी हुंगली. ती माझी सवयच आहे. ओल जमिनीतून चढलेली असेल तर मातीचा वास येतो, सांडपाण्याची असेल तर सांगायलाच नको, आणि पिण्याच्या पाण्याची असेल तर कसलाच वास येत नाही. माझ्या हाताला कसलाच वास नव्हता. डाग कमरेच्या उंचीवर होता, ताटाएवढा, कडेने खार फुललेला. छपराची ओल वरून खाली उतरते, जमिनीची खालून वर चढते. ही मधेच उगवली होती. त्या उंचीवर त्या भिंतीत काय असणार हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिथे मीच एक गोष्ट बुजवली होती, आणि ती तिथेच राहावी एवढीच माझी इच्छा होती.

मी पाणीपुरवठा खात्यात गळत्या शोधतो. रस्त्याखालची वाहिनी नेमकी कुठे फुटली आहे ते रस्त्यावर उभं राहून ओळखायचं, म्हणजे अख्खी गल्ली उकरावी लागत नाही. त्यासाठी एक लांब सळई असते; तिचं एक टोक झडपेवर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला लाकडी वाटी असते, तिला कान लावायचा. हल्ली यंत्रं आली आहेत, पण यंत्र एक जागा दाखवतं आणि मी दुसरी, असं झालं तर साहेब अजून मी म्हणेन तिथेच खणायला सांगतात. खात्यात मला ‘कान’च म्हणतात. निवृत्तीचा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, तुम्ही खुशाल जा, फक्त कान इथे ठेवून जा. सगळे हसले, मीही हसलो. हे काम रहदारी थांबल्यावर करायचं असतं, त्यामुळे माझी उभी हयात दिवसा झोपण्यात गेली. दिवसा झोपणाऱ्या माणसाशी लग्न कोण करणार, असं ताई म्हणायची, आणि कुणी केलंही नाही. दिवसा झोपायला शिकणं म्हणजे कोणते आवाज ऐकायचे नाहीत ते ठरवणं. गाड्या, पोरांचा दंगा, शेजारणीचा मिक्सर, सगळं कानावर पडतं आणि निघून जातं. पाण्याचा आवाज तेवढा जात नाही. शेजारच्या घरात नळ थेंब थेंब गळत असला तरी मला जाग येते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे ताईला आणि आईला.

ताई महिन्याभरात राहायला येणार होती. तिचे गुडघे गेले आहेत आणि तिचं घर चौथ्या मजल्यावर. आयुष्यभर शिवणकामाचे वर्ग चालवले, मशीनचं पायडल मारून मारून गुडघे झिजले, असं ती सांगते. डॉक्टर वेगळं कारण सांगतात, पण तिला ते पटत नाही. आईच्या खोलीत राहीन म्हणाली. दुसरी खोली तरी कुठे आहे? माझी खोली, मधे बाथरूम, पलीकडे आईची खोली आणि मागे स्वयंपाकघर, एवढंच आमचं घर. ओल आलेली भिंत म्हणजे बाथरूम आणि आईची खोली यांच्या मधली. ताईने फोनवर विचारलं, माप घेतलंस का? म्हणालो, घेतो. भिंत ओली आहे हे सांगितलं नाही. दोन आठवड्यांत पोपडे सुटायला लागले, खालच्या फरशीवर रोज सकाळी चुन्याचा चुरा पडू लागला, तेव्हा नाइलाजाने प्लंबरला बोलावलं.

प्लंबर माझ्याच वयाचा होता. बोलताना हाताला येईल त्या वस्तूवर टिचक्या मारायची त्याला खोड होती. तो दारातच म्हणाला, तुमच्या घरात येऊन मी काय दिवे लावणार, शहराच्या गळत्या तुम्ही शोधता. मी म्हणालो, घरचं काम जमत नाही. तेवढं खरंच होतं. त्याने हाताची मागची बाजू भिंतीला लावून पाहिली, मग गालही लावला. घरातल्या सगळ्या पाइपांचा नकाशा काढून द्या म्हणाला, उगीच तोडफोड नको. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नकाशा काढला. खात्यात काढतो तसा, प्रमाणात, येणाऱ्या पाण्याची सरळ रेघ, जाणाऱ्या पाण्याची तुटक. टाकीपासून खाली, बाथरूम, तिथून वळून स्वयंपाकघर. बाथरूमच्या भिंतीशी पेन्सिल आली. तिथून एक छोटी रेघ पलीकडे आईच्या खोलीत जायला हवी होती, जेमतेम नखाएवढी. पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुढे गेली. विसरलो असं मला म्हणता येणार नाही. प्लंबरने कागद नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवला. तुम्ही काढलाय म्हणजे यात बघायचं काही राहिलंच नाही, असं म्हणाला, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग आम्ही दोघांनी मिळून जिथे ओलीचं कारण नव्हतं तिथे ते शोधायला सुरुवात केली. गच्चीवरच्या पन्हळीत त्याने निळं पाणी ओतलं. दोन दिवस वाट पाहिली, भिंतीवर निळा ठिपकासुद्धा उमटला नाही. बाथरूमच्या फरशांच्या फटी भरल्या. चार दिवस बाथरूम वापरू नका म्हणाला, तर मी खात्यातल्या नळावर अंघोळ करून यायचो आणि लोक विचारायचे, कानाच्याच घरी पाणी नाही का? डाग मात्र आपला हळूहळू रुंदावत होता. आधी ताटाएवढा होता, मग परातीएवढा झाला, आणि त्याच्या खालून एक ओघळ सरळ फरशीकडे निघाला. मी खात्यातली सळई घरी आणली. संध्याकाळी कामावर जायच्या आधी तिचं टोक डागावर टेकवायचो आणि वाटीला कान लावायचो. पाणी दाबाने सुटत असेल तर सूं आवाज येतो, तो मी कुठेही ओळखतो. झिरपणारं पाणी मुकं असतं. भिंतीतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात थोड्या वेळाने चमचा वाजायला लागायचा. ठक ठक, मधे थोडं थांबून, पुन्हा ठक ठक. मला माहीत होतं की तो भिंतीतून येत नाही. तरी मी सळई खाली ठेवायचो नाही. कामावर जायला उशीर व्हायचा.

अर्धांगाच्या पहिल्या झटक्यात आईची वाचा गेली होती. उजवी बाजूही गेली होती, पण डाव्या हातात पूर्वीचा सगळा तोरा शिल्लक होता. हाक मारता येत नाही म्हणून ताईने तिला स्टीलचा मोठा चमचा दिला, तो ती पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजवायची. दोनदा म्हणजे पाणी हवं, सारखा म्हणजे मी हवा. सकाळची बाई दुपारी एकला जायची, ताई आठवड्यातून दोनदा यायची, मधल्या वेळात मी. तोंड धुवायला बाथरूमपर्यंत जायचं तर मधे पायरी होती आणि दुसऱ्याने तोंड पुसलेलं आईला खपत नसे. तेव्हा ताईने हट्ट धरला की पलंगापासून दोन पावलांवर बेसिन हवं, धरायला दांडा आणि बसायला स्टूल हवं. मी नको म्हणत होतो. भिंत फोडायची, पाइप ओढायचा, सगळी कटकट. पण ताईपुढे कुणाचं चाललंय? एका सुट्टीच्या दिवशी मीच ते काम केलं. आई पलंगावरून बघत होती. नळ बसवला तर डाव्या हाताने खुणा करायला लागली, वाकडा आहे, वाकडा आहे. खरंच केसभर वाकडा होता. सरळ केला तेव्हा अर्धं तोंड हसली. पाणी झिरपू नये म्हणून त्या जोडाला मी दोरा गुंडाळला होता, सफेदा लावला होता, पान्याने शेवटचा आटा आवळला होता. तो जोड शंभर वर्षं गळला नसता.

त्या दुपारी मी लागोपाठ तीन रात्री जागलेला होतो. बाजारापाशी मोठी वाहिनी फुटली होती आणि जागा सापडत नव्हती. सकाळी सापडली. घरी आलो, आईला भरवलं, बाई गेल्यावर माझ्या खोलीचं दार लावून पडलो. एरवी दार उघडं ठेवायचो, त्या दिवशी लावलं. चमचा वाजला. दोनदा नाही, सारखा वाजत होता. मला वाटलं, पडदा सरकवायचा असेल, किंवा कूस बदलायची असेल, पाच मिनिटांनी जातो. उशी कानावर घेतली. चमचा थांबला तेव्हा बरं वाटलं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग नळ सुटला. उशी कानावर असूनही मला कळलं की नळ पूर्ण सोडलाय. आधी पाणी चिनी मातीवर आपटत होतं. मनात आलं, वा, स्वतःची स्वतः उठली. मग पाण्यावर पाणी पडायला लागलं, म्हणजे खालच्या भोकात काहीतरी अडकलंय, बहुतेक टॉवेल. मग आवाज पसरट झाला, चपचप असा, म्हणजे आता फरशीवर. प्रत्येक आवाज मी ओळखत होतो. झोपेच्या काठावर पडल्या पडल्या मी माझ्या आईच्या खोलीतली गळती पायरीपायरीने शोधत होतो आणि उठत नव्हतो. पाणी वाया घालवते म्हणून तिचा रागही आला. किती वेळ गेला ते मला घड्याळावरून नाही, टाकीवरून कळलं. टाकी निम्म्यावर आली की आमच्या घरातल्या नळाच्या आवाजात एक घरघर मिसळते. ती ऐकली आणि उठलो.

ती बेसिनखाली बसलेली होती, पाठ भिंतीला टेकून, डावा हात वर पाइपवर. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, मोठा होता, आधी समजलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. या ‘फार काही’वर मी नऊ वर्षं काढली आहेत. डॉक्टर यायच्या आधी मी नळ बंद केला, तिला उचलून पलंगावर ठेवलं, फरशी पुसली, फडकी पिळून बाहेर वाळत घातली. मग ताईला फोन केला आणि सांगितलं की आई झोपेत गेली, मीही झोपलो होतो, काही कळलंच नाही. चार दिवसांनी बेसिन काढलं. पाइप भिंतीच्या आत कापला, तोंडाला बूच बसवलं, वर सिमेंट, वर रंग. दोरा खणात होता. मला माहीत होतं की तो खणात आहे. पण खण उघडून, दोरा काढून, तो नीट आट्यात भरण्याइतका वेळ त्या पाइपासमोर उभं राहवेना. बूच हातानेच फिरवलं, जेवढं फिरलं तेवढं, आणि बुजवून टाकलं. नव्याने कामाला लागलेल्या कुणी असं बूच बसवलं असतं तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवलं असतं.

मग एक दिवस प्लंबर आला तो थेट गच्चीवर गेला. आदल्या दिवशी त्याने टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारून घरातले सगळे नळ बंद ठेवायला लावले होते. खाली येऊन म्हणाला, पाणी दोन बोटं उतरलंय, म्हणजे आपल्याच पाइपातून जातंय. त्याने खिशातून नकाशा काढला. तो आता घड्यांवर फाटला होता. गेल्या वर्षी टाकी उंच लोखंडी घोडीवर चढवली ना, त्याने दाब वाढला, कुठेतरी कच्चा जोड असणार, पण इथे तर पाइपच नाही, असं तो स्वतःशी म्हणत भिंतीवर टिचक्या मारत होता. मी म्हणालो, नाहीच. आपला आवाज ऐकून मलाच शिसारी आली. शेवटी त्याने बाथरूमच्या बाजूने फोडायचं ठरवलं आणि छिन्नी लावली. तेवढ्यात दारात ताई. माप काही मी कळवत नव्हतो, म्हणून स्वतःची शिवणाची टेप गळ्यात अडकवून आली होती. भिंत पाहिली, एका हाताने गुडघा धरत वाकली, ओघळावर बोट फिरवलं. मग अगदी सहज म्हणाली, “अरे, इथे बेसिन होतं ना?”

छिन्नीचा आवाज थांबला. प्लंबर बाथरूममधून बाहेर आला, भिंतीकडे बघितलं, हातातल्या नकाशाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याने नकाशा घडी घालून खिशात न ठेवता खिडकीत ठेवला. मग या बाजूने फोडायला घेतलं. ओला गिलावा होता, सात-आठ घावांत पाइपाचं तोंड दिसलं. गंजाने लाल झालेलं, बुचाच्या कडेने एक थेंब फुगत होता, पडत होता, पुन्हा फुगत होता. त्याने पान्याला हातही लावला नाही. दोन बोटांनी बूच फिरवलं तर फिरलं. दोरा नाही, सफेदा नाही, आटासुद्धा नीट भरलेला नाही, कुठल्या गाढवाने बसवलंय, असं तो म्हणाला. मी म्हणालो, मी. त्याला ते खोटं वाटलं असावं, किंवा नको इतकं खरं. टाकीची झडप बंद करतो आणि दुकानातून सामान घेऊन येतो, असं पुटपुटून तो निघून गेला.

खोलीत मी आणि ताई उरलो. ती स्टुलावर बसली, तेच ते स्टूल. टेप बोटाला गुंडाळत, सोडत होती. मग भोकाकडे बघत बोलली. “त्या दिवशी आईचे कपडे मी बदलले. गाऊनचा खालचा घेर ओला होता. पिळला असता तर पाणी निघालं असतं. झोपेत गेलेल्या माणसाचा गाऊन ओला कसा होईल?” तिने टेप पुन्हा बोटाला गुंडाळली. “बेसिनचा हट्ट माझा. तू नको म्हणत होतास. ती तिथे जायला उठली आणि पडली. तू उचललंस, फरशी पुसलीस, मला सांगितलंस झोपेत गेली. पुन्हा मला डोळ्यांसमोर नको म्हणून बेसिनही काढून टाकलंस. मी कधी बोलले नाही. म्हटलं, तू माझ्यासाठी एवढं केलंस, ते कशाला उकरायचं? पण मनातल्या मनात नऊ वर्षं तुझे आभार मानतेय, आणि नऊ वर्षं मला नीट झोप नाही.”

मी एक ‘हं’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढंही नको होतं, नुसतं गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. प्लंबर आला असता, बूच नीट आवळलं असतं, भिंत पंधरा दिवसांत वाळली असती, ताईचं कपाट तिथे उभं राहिलं असतं आणि आम्ही दोघं म्हातारी भावंडं एका घरात राहिलो असतो, ती माझे आभार मानत. भोकातून आलेलं पाणी फरशीवर साचलं होतं. टाकी बंद झाली होती तरी पाइपात उरलेले थेंब पडत होते, आणि ते कमी कमी होत चाललेले मला ऐकू येत होते. थांबतील तेव्हा मला बोलता येणार नाही, असं उगीचच वाटलं. भीती वाटली. आईला उचलताना वाटली नव्हती एवढी.

“ती बेसिनसाठी उठली नव्हती ताई,” मी म्हणालो. “मला उठवायला उठली. चमचा वाजवूनही मी गेलो नाही म्हणून तिने नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने मला जाग येते, तिला माहीत होतं.”

“आणि तुला जाग आली नाही.”

“जागाच होतो. दार लावून पडलो होतो.”

तिने टेप गुंडाळायची थांबवली. “किती वेळ?”

“अर्धी टाकी.”

ताई या घरात वाढलेली. अर्धी टाकी म्हणजे किती, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने मान वर करून छताकडे पाहिलं, जिथे टाकी आहे त्या बाजूला, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिली. हिशोब करत असावी. ती ओरडेल, उठून निघून जाईल, असं मी काही काही मनात आणलं, पण ती फक्त बसून राहिली, हात मांडीवर, तोंड किंचित उघडं. त्या तोंडाची एक बाजू मला आईसारखी दिसली आणि मी नजर वळवली. मग प्लंबर आला. कागदाच्या पुडीतून नवीन बूच काढून दोरा गुंडाळायला लागला तर ताई म्हणाली, बूच नको, नळ लावा, इथे बेसिन परत बसवायचंय, मी ते वापरणार आहे. प्लंबरने माझ्याकडे बघितलंच नाही, तिच्याशीच बोलला. आजच्यापुरता साधा नळ लावून, खाली बादली ठेवून, जोड तपासू म्हणाला. पिशवीतून नळ काढला, दोरा भरला, सफेदा लावला, आवळला. नळ केसभर वाकडा बसला होता. मी बोललो नाही. तो टाकी उघडायला वर गेला तेव्हा ताई माझ्याकडे वळली.

“जा, पड जाऊन,” ती म्हणाली. मला वाटलं, मी थकलेला दिसत असेन. “तुझ्या खोलीत. दार लावून घे. त्या दिवशी लावलं होतंस तसं.”

मी गेलो. दार लावलं, पलंगावर पडलो, उशी होती तिथे होती. दुपारचे तीन वाजून गेले असतील. पडद्यातून उजेड येत होता, खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. गच्चीवर झडप फिरली, पाइपात हवा खाकरली, मग सगळं थांबलं. मी चमच्याची वाट पाहत होतो. चमचा आता घरात नाही, ताईनेच तो नेला होता, तरी पाहत होतो. मग नळ सुटला. पूर्ण सोडलेला. पाणी प्लॅस्टिकवर आपटत होतं. पाय जड झाले होते, खोटं कशाला बोलू, नऊ वर्षांपूर्वी झाले होते तेवढेच जड, आणि तसाच एक विचारही आला की पाच मिनिटांनी जातो. पाण्यावर पाणी पडायला लागलं. आता आवाज भरत भरत वर चढत होता. पुढचा आवाज मला माहीत होता. तो यायच्या आत मी पाय खाली टाकले, दार उघडलं, बाथरूमसमोरून गेलो. प्लंबर जिन्यात थांबलेला होता. आईच्या खोलीच्या दारात पोचलो तेव्हा बादली काठाला लागायला चार बोटं होती. ताई नळापाशी उभी होती, एक हात भिंतीच्या ओल्या भागावर, दुसरा मोकळा सोडलेला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. नळ बंद करायला हातही पुढे केला नाही.

“बंद कर तो,” ती म्हणाली.

मी पुढे होऊन नळ बंद केला.